फीत कापून झाल्यावर

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका मुख्याध्यापिकेचा फोन आला. "आम्ही पण मुलांना एकेक लॅपटॉप देतोय, तुमचा अनुभव कसा आहे?" कोटेशन व्हॉट्सअॅपवर मागवून पाहिलं तर यंत्रं जवळपास तीच, हमीची भाषा तीच. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे दर वेळी फोनवर रक्त आटवायला नको.

आमच्याकडे आठवीच्या एका तुकडीला असे छोटे लॅपटॉप २०१८ मध्ये आले. पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवले, पुरवठादार संस्थेच्या सचिवांनी ठरवला, आणि संगणक शिकवते म्हणून रजिस्टरवर सही माझी घेतली. खरेदीआधीच्या सभेत मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: रॅम नंतर वाढवता येईल का, आणि साठवणुकीची जागा किती? पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, मुलांना काय रॉकेट सोडायचंय?" सगळे हसले. इतिवृत्तात माझे प्रश्न आले नाहीत, अल्पोपाहाराची व्यवस्था करणाऱ्यांचे आभार मात्र आले.

यंत्रात २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण. दोन्ही मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली, म्हणजे काढून मोठी घालायची सोयच नाही. ३२ जीबीतली प्रत्यक्षात २९च्या आसपासच हाती लागते, त्यातली बहुतेक विंडोजच व्यापतं, आणि उरलेल्यात पुरवठादाराने स्वतःचा 'डिजिटल अभ्यासक्रम' कोंबला होता. खोकी उघडली त्याच दिवशी मी एका पडद्याचा फोटो काढून ठेवला. सी ड्राइव्हमध्ये जेमतेम साडेतीन जीबी मोकळी होती.

विंडोज १०चं मोठं अपडेट तेव्हा वर्षातून दोनदा यायचं आणि त्याला आठ-दहा जीबी मोकळी जागा लागायची. व्हायचं तेच झालं. भूमितीचा तास होता, जिओजेब्रावर त्रिकोण काढायचे होते. मुलांनी यंत्रं सुरू केली आणि सगळ्यांनी एकदम अपडेट ओढायला सुरुवात केली. जागा संपली, यंत्रं अडकली, काही आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा तिथेच येऊन थांबली. पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे वही काढून कंपासने त्रिकोण काढायला लागली. तास संपला तेव्हा त्रिकोण फक्त तिच्याच वहीत होता. यातलं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. सगळी जशी बनवली होती तशीच चालत होती, आणि दर सहा महिन्यांनी अशीच चालणार होती. ते मला तिथे फळ्यापाशी उभं असताना लख्ख कळलं.

पुरवठादाराला फोन केला. उत्तर तयार होतं: "मुलांनी गाणी आणि गेम भरले असतील." मी पहिल्या दिवशीचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग वाटलं, विंडोज काढून हलकं लिनक्स टाकावं, २ जीबीत ते बरं चालतं. तर बायोसलाच पासवर्ड! शाळेच्या पैशाने घेतलेल्या यंत्राची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात. मागितला तर म्हणे, "हमी रद्द होईल." आणि त्या हमीचं काय वर्णावं? पडद्याची बिजागरी सैल झाली की 'फिजिकल डॅमेज', चार्जिंगची पिन हलली की 'फिजिकल डॅमेज'. तेरा वर्षांची मुलं रोज उघडबंद करणार म्हणूनच घेतलेली वस्तू ना ही? शिवाय दुरुस्तीला यंत्र आपणच जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन द्यायचं, एसटीने, आपल्या खर्चाने.

एका मुलाला एक लॅपटॉप या कल्पनेला मी नावं ठेवत नाही. ही कल्पना मांडणाऱ्या निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. २००७ मध्ये तो बनून आला तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली होती. पण ते यंत्र निदान मुलांसाठी घडवलेलं होतं: धूळ-पाणी आत जाऊ नये असा रबरी कळफलक, उन्हातही वाचता येईल असा पडदा. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्येच नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा गावच्या एकशिक्षकी शाळेत ते आलं होतं. पुढे पेरू देशाने लाखोंच्या संख्येने ती वाटली. २०१२ साली तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नव्हता. उरुग्वेने मात्र यंत्रांबरोबर शाळांना इंटरनेट दिलं आणि दुरुस्तीची यंत्रणाही उभी केली. आमच्या सचिवांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, आपण पेरूत नाही." बरोबर आहे, पेरूत निदान कुणी मोजमाप तरी केलं.

तेव्हा घेणार असाल तर सगळा पैसा यंत्रांवर उडवू नका. आमच्या वर्गात भिंतीवर दोन प्लग पॉइंट होते. एकेक अडॅप्टर ३६ वॅटचा धरा, चाळीस लावले की १४४० वॅट होतात, आणि साध्या ६ अँपियरच्या प्लगची मर्यादा २३० व्होल्टला १३८० वॅट. एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा जोडून शिपाईमामांनी चार्जिंग लावलं तेव्हा बोर्ड वितळल्याचा वास मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला होता. आधी वायरमनकडून स्वतंत्र सर्किट ओढून घ्या, मग लॅपटॉपची ऑर्डर द्या. वायफायचंही तसंच. घरगुती राउटरवर चाळीस यंत्रं एकदम चालत नाहीत, कुणी कितीही शपथा घेऊ दे. ई-बालभारतीच्या पीडीएफ आधीच उतरवून प्रत्येक यंत्रात ठेवल्या तर निम्मं काम इंटरनेटशिवाय होतं, आणि त्या फुकट आहेत. आमचा विकतचा 'अभ्यासक्रम' वर्षभराने परवाना संपल्यावर उघडायचाच बंद झाला. करारात मुदत होती म्हणे. करार मला दाखवला होता कुणी?

नमुन्याचं एक यंत्र आधी मागवा आणि महिनाभर वर्गात खरोखर वापरा. मराठी टंकलेखन इनस्क्रिप्टने करून बघा, सगळी अपडेट्स होऊ द्या, बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून बघा. दुकानात दाखवतात ते नव्हे, मुलाच्या हातातलं. बायोसचा पासवर्ड आणि अॅडमिनचं खातं शाळेच्या ताब्यात, हे खरेदी आदेशात लिहून घ्या. दर वीस यंत्रांमागे दोन जादा घ्या, नाहीतर 'प्रत्येकी एक' हे पहिल्या सहामाहीपुरतंच राहतं. बाकी शिक्षकांना प्रशिक्षण द्या, पालकांना विश्वासात घ्या वगैरे सगळे सांगतातच.

लॉकडाऊनचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. २०२० मध्ये मुलं बापाच्या फोनसाठी भांडत होती, बाप कामावर गेला की अभ्यास बंद. मी लेखी मागणी केली की यंत्रं मुलांना घरी द्या. उत्तर आलं, "संस्थेची मालमत्ता आहे, जबाबदारी कोण घेणार?" ज्या रजिस्टरवर सही माझी, त्यातली जबाबदारी घ्यायला मी तयार होते, त्याचं उत्तर आलंच नाही. लॅपटॉप कपाटात कुलूपबंद राहिले. लिथियमची बॅटरी रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडली की ती मरते. कपाट उघडलं तेव्हा बहुतेक यंत्रं उठलीच नाहीत आणि काहींच्या पाठी फुगल्या होत्या. म्हणून घरी देण्याचं धोरण खरेदीच्या आधीच ठरवा, पालकांच्या संमतीपत्राचा नमुनाही तेव्हाच करून ठेवा. सुट्टीत ठेवायची वेळ आलीच तर अर्धी चार्ज करून ठेवा आणि दोन महिन्यांतून एकदा कुणालातरी पुन्हा चार्जिंगला लावायला सांगा.

राहिलेल्या यंत्रांचं भवितव्यही ठरून गेलंय. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. फुगलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, टोचल्या तर पेट घेतात. ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रालाच द्या आणि पावती जपून ठेवा. आमचे लॅपटॉप अजून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'चालू स्थितीत' आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव मी दिलाय. त्यावर शेरा पडलाय, 'संबंधित शिक्षिकेचा खुलासा घ्यावा.' खुलाशाला मी पहिल्या दिवशीचा तो फोटो जोडलाय.