घर, गहाण आणि मंडळी

वाचन: नहेम्या ५:१-१३, लेवीय २५:२९-३१, लूक १४:२८-३०

पाठाचा उद्देश: घरांच्या वाढत्या किमती व कर्जावरील व्याज ह्यांमुळे आपल्या कुटुंबांवर काय ओढवते हे समजून घेणे, आणि त्यात मंडळीचे कर्तव्य कोणते ते ठरवणे.

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या मंडळ्यांत भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मिशनच्या आवारात ज्यांचे आजोबा-पणजोबा राहिले, अशा घराण्यांत स्वतःच्या नावावर घर घेऊ पाहणारी आजची पिढी बहुधा पहिलीच असते. ती दोघे नवराबायको कमावतात, काटकसर करतात, भिशी लावतात. पण जमवलेली रक्कम पुरी होईपर्यंत जागेचा भाव पुढे गेलेला असतो. ह्या विषयावर आपण उपासनेनंतर हळू आवाजात बोलतो. पवित्र शास्त्रात मात्र तो भर सभेत बोलला गेला आहे.

१. यरुशलेमेतील ओरड

यरुशलेमेचा कोट बांधण्याचे काम चालू असताना लोकांत मोठी ओरड झाली. तिच्यात तीन प्रकारचे लोक होते. कोणाच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ आणि धान्य नाही. कोणी दुष्काळात पोट भरण्यासाठी शेत, द्राक्षमळा व राहते घर गहाण टाकलेले. कोणी राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढलेले. अखेर मुलामुलींना दास्यात देण्याची पाळी आली होती. ही ओरड परक्या शत्रूविरुद्ध नव्हती, आपल्याच भाऊबंदांविरुद्ध होती, हे ध्यानात ठेवावे.

नहेम्याने काय केले ते क्रमाने पाहा. त्याने ओरड ऐकून घेतली. त्याला संताप आला, तरी त्याने आधी मनाशी विचार केला. मग मोठी सभा भरवून सरदारांना व अधिकाऱ्यांना जाब विचारला. आपण व आपले भाऊही पैसा व धान्य कर्जाऊ देतो, हे त्याने तेथेच बोलून दाखवले. शेते व घरे परत करावी, आणि शेकडा एक ह्या हिशेबाने घेतलेलेही परत द्यावे, असे त्याने सांगितले. हा शंभरावा भाग दरमहाचा समजला, तर वर्षाला बारा टक्के होतात. सावकारांनी ते मान्य केले व याजकांसमोर शपथ घेतली.

लेवीयातील नियमही सोबत वाचावा. तटबंदीच्या नगरातील घर विकले, तर ते सोडवून घेण्यास एकच वर्षाची मुदत होती. तट नसलेल्या खेड्यातील घर मात्र केव्हाही सोडवता येत असे व योबेल वर्षी ते मूळ धन्याकडे परत जाई. शहरातले घर हातून लवकर निसटते, हे त्या काळीही लोकांना ठाऊक होते.

२. आजचा हिशेब

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकवले. आपणही कागद-पेन्सिल घेऊन बसू.

रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या काळात आपला रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बदलत्या दराची गृहकर्जे त्यामागोमाग महागली. फेब्रुवारी २०२५ पासून तो दर पुन्हा उतरू लागला. एवढ्या चढउतारात एका घराचे काय होते ते पाहू.

समजा, वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. व्याज साडेसहा टक्के असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे १४,९११ रुपये येतो. व्याज नऊ टक्के झाले, तर तोच हप्ता १७,९९५ रुपये होतो. फरक महिन्याला ३,०८४ रुपयांचा. वीस वर्षांत सुमारे ७ लाख ४० हजारांचा.

हप्ता वाढू न देता मुदत वाढवून घेऊ, असे कोणी म्हणेल. पण नऊ टक्क्यांनी वीस लाखांचे एका महिन्याचे व्याजच १५,००० रुपये होते. जुना हप्ता १४,९११ रुपयांचा. म्हणजे कर्ज नवे असतानाच दर एवढा चढला, तर हप्ता वेळेवर भरूनही कर्ज थोडे थोडे वाढतच जाते! असे होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सूचना दिल्या. दर बदलताना कर्जदाराला ते कळवावे. हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा काही रक्कम आधी फेडणे, ही निवड त्याला द्यावी. आणि मुदत वाढवली तरी हप्त्यात निदान त्या महिन्याचे व्याज भागावे. शिवाय व्यक्तीने घेतलेले बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड घेता येत नाही. हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

व्याजाशिवाय इतर खर्चही आहेत. कर्नाटकात ऑक्टोबर २०२३ मध्ये जमिनीचे सरकारी दर वाढवण्यात आले, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून दस्तनोंदणीची फी १ टक्क्यावरून २ टक्के झाली. तीस लाखांच्या घरावर ही फीच ६०,००० रुपये होते. मुद्रांक शुल्क वेगळे.

३. आपल्या भागाच्या अडचणी

वडगाव-खासबागचा विणकर, उद्यमबागेत रोजावर काम करणारा कामगार, निपाणीची विडी वळणारी बहीण, ह्यांच्याकडे पगाराचा कागद नसतो. बँक तो मागते. मग ही माणसे चढ्या व्याजाच्या फायनान्स कंपनीकडे वळतात. ज्याची मिळकत कमी, त्यालाच कर्ज महाग पडते.

जानेवारी २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात थकलेल्या कर्जापायी घरातून बाहेर काढलेल्या कुटुंबाची बातमी आली. त्यात तान्ह्या बाळासह बाळंतीणही होती. अशा तक्रारी राज्यभरातून आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. नहेम्याच्या पाचव्या अध्यायातील ओरड आपल्या जिल्ह्यातही ऐकू आली.

दुसरी अडचण कागदांची. शहरात भाव परवडत नाही म्हणून लोक आसपासच्या गावांत गुंठ्याने जागा घेतात. शेतजमिनीचे बिनशेतीकरण झालेले नसते, ई-खाता मिळत नाही, आणि त्यामुळे बँक कर्ज देत नाही. दस्त कन्नडमध्ये, बँकेचे कागद इंग्रजीत, आणि सही करणारे आपले वडीलधारे मराठी वाचणारे. न वाचलेल्या कागदावर वीस वर्षांचा बोजा उचलला जातो.

४. मंडळीने काय करावे

पहिले, ओरड ऐकावी. ज्याचा हप्ता थकला तो प्रथम उपासनेला येणे टाळतो, असा अनुभव आहे. घर नसणे किंवा हप्ता थकणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. घरभरणीच्या प्रार्थनेला आपण आनंदाने जातो. तितक्याच मायेने भाड्याच्या खोलीतही जावे.

दुसरे, कागद वाचून द्यावेत. प्रत्येक मंडळीत कन्नड व इंग्रजी जाणणारे शिक्षक, कारकून, निवृत्त बँक कर्मचारी असतात. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी ह्यासाठी द्यावी. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, पक्के घर नसलेल्या पात्र कुटुंबाला व्याजापोटी १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. अशा योजनांचे अर्जही तेथे भरून द्यावेत.

तिसरे, एकत्र यावे. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी सहकारी संस्था काढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती घरे त्यांना मिळाली. एकेकटीला बँकेने दारात उभे केले नसते. निपाणीच्या विडी कामगार भगिनींनाही हे उदाहरण परके नाही.

चौथे, आपणच धनको असू तर नहेम्याप्रमाणे स्वतःपासून आरंभ करावा. हातउसने देऊन भावाकडून शेकडा दोन-तीन घेणारे, किंवा घरभाडे दरवर्षी मनास येईल तसे वाढवणारे आपल्यातही आहेत. त्यांनी हा अध्याय घरी बसून पुन्हा वाचावा.

शिक्षकांस सूचना: वर्गात कोणाचे घर स्वतःचे व कोणाचे भाड्याचे, हे मुलांना विचारू नये. मोठ्या मुलांकडून वरील हप्त्याचे गणित फळ्यावर करवून घ्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्याने सावकारांना एकांतात न सांगता सभा का भरवली?
२. आपल्या मंडळीत कर्जाविषयी मोकळेपणाने बोलता येते काय? नसल्यास कशामुळे?
३. घर घेण्याची घाई कोणत्या परिस्थितीत टाळावी? लूक १४ च्या आधारे सांगा.
४. ह्या महिन्यात आपला वर्ग एका कुटुंबासाठी कोणते एक काम करू शकेल?