स्वेटरवरून घेतलेलं माप

काल फोनवर रडवेली झालीस, तुझ्या स्फटिकरचनेच्या रिफाइनमेंटमध्ये आर-फ्री खाली येत नाही म्हणून. आधी चहा ठेव गं. खरं सांगू का, तुझं फार काही बिघडलेलं नाही. तराजूचं एक पारडं जड झालंय, एवढंच.

तुझं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज म्हणजे काय, हे यवतमाळच्या पोरीला मी काय सांगू? 2017 च्या फवारणीत आपल्याकडची माणसं गेली तेव्हा ज्या मोनोक्रोटोफॉसचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, ते याच एन्झाइमला जखडतं. या एन्झाइमची पहिली रचना 1991 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतून आली, 2.8 अँगस्ट्रॉमची. तुझा डेटाही तेवढ्याच रिझोल्यूशनचा.

आता बघ, 2.8 चा डेटा म्हणजे स्वेटरवरून घेतलेलं ब्लाउजचं माप. प्रत्येक अणूमागे चार आकडे शोधायचे, तीन जागेचे आणि एक बी-फॅक्टरचा. त्या मानाने परावर्तनं थोडी. अशा वेळी शिंपी कटिंगच्या नमुन्यावर जास्त भरवसा ठेवतो. आपला नमुना म्हणजे एंघ आणि ह्यूबर यांनी 1991 मध्ये ठरवून दिलेल्या बंधांच्या लांब्या आणि कोन.

मी काय केलं होतं माहितेय? नमुन्याच्या तुलनेत डेटाचं वेट वाढवत गेले. आर-वर्क 0.19 वर आला, मी पेढे वाटायच्या बेतात! आर-फ्री मात्र 0.29 वर बसून, आणि बंधांचं विचलन 0.03. मी डेटातल्या गोंगाटाच्या सुरकुत्यासुद्धा शिवून ठेवल्या होत्या. माझ्या सरांनी बघितलं नि नुसते हसले.

तेव्हा वेट थोडं थोडं कमी कर. विचलन 0.01 च्या आसपास किंवा त्याखाली येऊ दे, आणि दोन्ही आरमधली दरी बघ. ब्रुंगरने 1992 मध्ये थोडी परावर्तनं बाजूला ठेवायला सांगितली ती याचसाठी. त्यांना मध्येच हात लावू नकोस. पण उलट्या टोकालाही जाऊ नकोस, नाहीतर डेटा सांगतोय ते ऐकूच येणार नाही. आणि रामचंद्रनचा आलेख सुंदर दिसावा म्हणून त्याचेच निर्बंध घालू नकोस गं. परीक्षकालाच उत्तरं लिहायला बसवल्यासारखं होतं ते.

आणि नकाशातला सेरीनजवळचा तो फुगवटा, जिथे तू फॉस्फेट बसवलंयस? फॉस्फेट काढून टाक, रिफाइनमेंटच्या दोन-चार फेऱ्या चालव, मग फरकाचा नकाशा उघड. तो परत उगवला तर रात्री बारालाही फोन कर, मी जागीच असते.