आंबा बाधतो कीं नाहीं?

वैशाखांत नवीन पनवेलच्या घरोघरीं हापूस येतो. एखाद्या मुलाचे ओठ सुजले कीं त्यास आंबा कायमचा वर्ज्य होतो. आम्ही म्हणतों, आधीं परीक्षा व्हावी.

डॉक्टर हातावर फळाचा अर्क ठेवून सुईनें किंचित् टोचतात. १५ ते २० मिनिटांत शेजारच्या मिठाच्या पाण्याच्या टोचणीहून निदान ३ मिलिमीटर मोठी गांधी उठल्यास ती खूण समजतात. रक्तपरीक्षेंत ‘आय्-जी-ई’ हें १९६६-६७ सालीं ओळखलें गेलेलें द्रव्य मोजितात.

तथापि खूण म्हणजे रोग नव्हे. फळ खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय झालें, याच्याशीं ती जुळावी लागते. चिकानें एकदोन दिवसांनीं उठणारें पुरळ तर या परीक्षांत दिसत नाहीं. निर्णय होईपर्यंत मुलास तें फळ घरीं पुन्हां चाखवूं नये. श्वास कोंडल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.