नाणे पाहावे कसे?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या माजिवड्याच्या घरी देव्हाऱ्यात तांब्याची पाच नाणी आहेत. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी आजी ती चिंचेने घासून लख्ख करते. गेल्या वर्षी परीक्षेची फी भरायची होती, म्हणून त्यांतली दोन घेऊन मी मुंबईतल्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिले व म्हणाले, "शिवराई आहे खरी, पण फार घासलीत!" मी रिकाम्या हाताने परतलो, पण काही शिकून परतलो. तेच येथे सांगतो.

शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे तांब्याचे नाणे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. महाराजांनंतरही पेशवाईत तशी नाणी पडत राहिली; तेव्हा प्रत्येक शिवराई महाराजांच्याच काळातील समजू नये.

नाण्याची स्थिती ठरविताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, झीज. हाताळणीने आधी उंच भाग झिजतो. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट, कान व झग्यावरील बारीक नक्षी पाहावी. ती स्पष्ट असेल तर नाणे कमी फिरलेले. दुसरी, ठसा. शिवराई हाताने ठोकून पाडीत आणि ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. त्यामुळे कडेची अक्षरे मुळातच उमटत नसत. तुटलेले अक्षर म्हणजे झिजलेले अक्षर नव्हे. तिसरी, रंग. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हा मळ नव्हे, ते नाण्याचे कवच होय. चिंचेचे आम्ल ते कवच काढते आणि घासण्याने बारीक रेषा जातात. हिरवी भुकटी सुटू लागली तर मात्र ते नाणे वेगळे व कोरडे ठेवावे. नाणे नेहमी कडेने धरावे.

फी मी सुट्टीत काम करून भरली. घरी आजीला म्हटले, "आजी, आता चिंच नको."

"मग लक्ष्मी काळीच ठेवायची होय रे?"

मी तिचे बोट धरून उरलेल्या अक्षरांवरून फिरवले : रा, जा, शि, व. आजी शाळेत गेलेली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती जे पुजत होती, ते नाव त्या दिवशी तिने प्रथम वाचले. यंदाच्या दिवाळीत तिने नाणी नुसत्या कोरड्या फडक्याने टिपली.