माशांची वाट आणि आपला बंधारा

मृगाच्या जोरदार सरी पडून ओढे वाहू लागले की मासे पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. कोकणात याला वलगण म्हणतात. इतरत्र 'चढणीचे मासे' म्हणून ते ओळखले जातात. पोटात अंडी घेऊन ते उथळ, ताज्या पाण्याकडे निघालेले असतात. ही चढण थोड्याच दिवसांची. तेवढ्यात वाट अडली, तर त्या वर्षाची पैदास बुडाली.

आपल्या मलकपेठला लागून वाहणारी मुसी पाहा. अनंतगिरीच्या डोंगरात निघून ती वाडापल्लीला कृष्णेस मिळते. १९०८ च्या महापुरानंतर शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. खाली सूर्यापेठकडे १९६३ चे मुसी धरण, त्याच्याही खाली कृष्णेवर पुलिचिंतला आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा (१९५७). शहराचे सांडपाणी ही आणखी एक भिंत, कारण प्राणवायू संपलेल्या पाण्यातून मासा जाऊ शकत नाही. (शहराखालच्या मुसीतले मासे स्वस्त मिळाले तरी शुक्रवारच्या ताटात घेऊ नयेत.)

गोदावरीतला पुलसा समुद्रातून पावसाळ्यात नदीत शिरतो. मंगळसूत्र विकून का होईना, पण पुलसा खावा, असे आपले तेलुगू शेजारी म्हणतात! परंतु १८५२ साली पुरा झालेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्याशी त्याची वाट अडते. गंगेवर फरक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला, आणि पूर्वी अलाहाबादच्याही वर जाणारा हाच मासा तिकडे जवळजवळ नाहीसा झाला.

धरणे नकोत असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. पण गोड्या पाण्यातच राहणाऱ्या लहान माशांचे नुकसान आपल्या लक्षात येत नाही. बंधाऱ्यांमुळे नदीचे तुकडे पडतात व प्रत्येक डोहातले मासे एकटे पडतात. उन्हाळ्यात एक डोह आटला, तर पूर्वी पहिल्या पुराबरोबर खालून नवे मासे येत. आता तो रिकामाच राहतो. उरलेल्यांची पैदास आपसातच होऊन वाण कमजोर होते. तलावात सोडलेले रोहू-कटला ही उणीव भरून काढत नाहीत. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बीज पुन्हा पुन्हा सोडावे लागते. शिवाय काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांतून मुलांना जो चुना, म्हणजे कॅल्शियम मिळतो, तो मोठ्या माशाच्या तुकडीतून मिळत नाही.

ज्यांची शेती मांजरा किंवा गोदावरीच्या खोऱ्यात आहे, त्यांनी एवढे करावे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (काही गावांत दारे म्हणतात) पाऊस सुरू होण्याआधीच काढावेत व ऑक्टोबरात पूर ओसरल्यावर बसवावेत. नियमही तोच आहे, पण बरगे काढायला कोणी फिरकत नाही आणि चढण निघून जाते. ओढ्यावर नवा पक्का बांध घालताना खालच्या बाजूस सरळ उभी भिंत न ठेवता मोठ्या दगडांचा खडबडीत, पसरट उतार करावा. पाणी दगडांतून थबकत उतरते व मासा टप्प्याटप्प्याने चढतो. आणि त्या चार दिवसांत सांडव्याच्या तोंडाशी जाळे लावू नये.