आधी बिल नीट वाच गं

अगं, मिळकतकराचं बिल बघून पोटात गोळा येतो, तो सगळ्यांनाच येतो. पण शेवटच्या आकड्याकडे बघत बसू नकोस. आधी बघ, स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत त्यात धरलीय का. शेजारणीचा फ्लॅट तेवढाच, तरी तुझं बिल तिच्या दीडपटीहून जास्त? मग बहुतेक गोम तिथेच आहे.

ही सवलत पुण्यात १९७० पासूनची. आपल्या आयांना ती न मागता मिळायची. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८ मध्ये राज्य सरकारने ती काढून घेतली आणि २०१९ पासून नोंद झालेल्या नव्या घरांना बिलं पूर्ण दराने येऊ लागली. शहरात केवढी बोंबाबोंब झाली, विचारू नकोस! शेवटी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती परत दिली. पण नव्या घराला ती आपोआप लागत नाही बघ, पीटी-३ अर्ज भरावा लागतो. त्यासोबत सोसायटीचं पत्र आणि तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा जोड. मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, जे असेल ते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. पेठ निरीक्षक घर बघायला आले तर गोंधळू नकोस, पाणी विचार आणि कागद दाखव. उद्या फ्लॅट भाड्याने दिलास, तर मात्र ही सवलत जाते, हेही लक्षात असू दे.

बिल लवकर भरलंस की सामान्य करात ५ ते १० टक्के सूट मिळते. रेंगाळलीस, तर थकबाकीवर महिन्याला २ टक्के चढत जातात. मग म्हणू नकोस, ताईने सांगितलं नव्हतं.

आता पगाराचं. खरं सांगू का, मीही कितीतरी वर्षं पगाराच्या स्लिपची फक्त शेवटची ओळ वाचायचे. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले की अकाउंट्सवाल्याशी भांडण ठरलेलं! व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० पूर्ण. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत मासिक पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तुझ्या धाकट्या जावेची स्लिप बघ बरं एकदा. उलट आयकरात बायकांना थोडी जास्त सूट असायची, ती २०१२ मध्ये बंद झाली. एका हाताने देतात, दुसऱ्याने काढतात.

आणि ‘आमचं जुन्याच पद्धतीने चालू आहे’ हे वाक्य घरातून हद्दपार कर. नवी करप्रणाली २०२० मध्ये आली आणि २०२३-२४ पासून काही कळवलं नाहीस तर तीच लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नोकरदाराला तिच्यात पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. पण राहत्या घराच्या कर्जावरचं २ लाखांपर्यंतचं व्याज, पीपीएफ, विम्याचे हप्ते यांची वजावट फक्त जुन्यात. तुमचं गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे ना? मग हिशेब दोघांचा वेगवेगळा मांड. नवरा जुन्यात, तू नव्यात, असं खुशाल चालतं. नोकरदाराला दरवर्षी बदलताही येतं. कर्ज फिटत जातं तसं व्याज घटतं, म्हणजे यंदा फायद्याचं होतं ते पाच वर्षांनी असेलच असं नाही. ‘अहो, बघा ना जरा’ म्हणून सोडून देऊ नकोस, वाणसामानाचा हिशेब जमतो तिला हाही जमतो.

राहता राहिल्या सासूबाईंच्या एफडी. त्यांचं उत्पन्न करपात्र होत नसेल, तर व्याजातून कर कापू नये म्हणून एप्रिलमध्येच बँकेत फॉर्म द्यायचा, आणि तो दरवर्षी नव्याने. त्यांना सोबत ने गं, सही त्यांचीच लागते.