श्वानखाद्याची निवड : पिशवीचे चित्र नव्हे, मागची बाजू पहा

पशुपालकांना वारजे हे गाव 'बाएफ'मुळे परिचित आहे. १९९७ साली ते पुणे महापालिकेत आले. आज येथे श्वानखाद्य विकणारी दुकाने सहज आढळतात व मुठा खोऱ्यातील शेतकरीही राखणीच्या कुत्र्यासाठी येथून पिशवी नेतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका नातेवाइकांना मी उघड्या पोत्यातील सुटे खाद्य घेऊन दिले. किलोमागे बरीच बचत होत होती. पंधरवड्यात पिल्लाने खाणे सोडले, डोळे पिवळे पडले आणि ते दगावले. पशुवैद्यकांनी यकृत खराब झाल्याचे सांगून बुरशीच्या विषाचा संशय व्यक्त केला. उरलेल्या खाद्याला कुबट वास येत होता. भुईमुगाची पेंड हुंगल्याशिवाय न घेणाऱ्या कृषिविद्येच्या माणसाने येथे मात्र नाक वापरले नाही!

मका व भुईमुगाची पेंड ओलसर राहिल्यास त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते. कुत्रा या विषास फार संवेदनशील असून शिजवल्याने ते नष्ट होत नाही. अमेरिकेत २००५ साली अशा मक्यामुळे कारखान्यात बनलेले खाद्य खाऊन अनेक कुत्री मेली. म्हणून सुटे खाद्य घेऊच नये. बंद पिशवी, उत्पादनाची तारीख व मुदत पाहूनच खरेदी करावी.

आता पिशवीची मागची बाजू वाचू. घटक साधारणतः वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव 'ताजे चिकन' असले तरी हुरळून जाऊ नये. ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते. म्हणजे २५ किलो मांसातून कोरडा भाग साडेसात किलोच उरतो. याउलट 'चिकन मील' हे पाणी काढून दळलेले असते. दुसरी युक्ती अशी की मका, मक्याचे ग्लुटेन, मक्याचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावे वेगवेगळी लिहिली जातात. प्रत्येक नाव खाली सरकते आणि मांस वर दिसते. ही नावे मनात एकत्र करून पाहावीत. धान्य वाईट नाही. शिजवलेले धान्य कुत्र्याला पचते. पण पैसे मांसाचे मोजून मका घरी आणू नये. 'प्राणिज पदार्थ' असे मोघम लिहिण्यापेक्षा प्राण्याचे नाव स्पष्ट दिलेले खाद्य बरे.

प्रथिनांच्या आकड्याबाबतही सावध असावे. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणतात व त्यास क्रूड प्रोटीन म्हणतात. या हिशेबाने ४६ टक्के नत्राच्या युरियात २८७ टक्के 'प्रथिने' निघतील! गाईच्या पोटातील जिवाणू थोड्या युरियाचा उपयोग करू शकतात, कुत्र्याला तो निरुपयोगी आहे. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नत्र वाढविण्यासाठी मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. अमेरिकेत ते खाद्य खाऊन कुत्री व मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. म्हणून आकड्याबरोबर प्रथिने कशातून आली तेही पाहावे.

दोन खाद्यांची तुलना ओलावा वजा करूनच करावी. डब्यातील ओल्या खाद्यात ८ टक्के प्रथिने व ८० टक्के ओलावा असेल, तर शुष्क भागात प्रथिने ४० टक्के होतात. कोरड्या खाद्यात २२ टक्के प्रथिने व १० टक्के ओलावा असेल, तर ती सुमारे २४ टक्के भरतात. प्रौढ कुत्र्यास शुष्क भागात किमान १८ व वाढत्या पिल्लास साडेबावीस टक्के प्रथिने लागतात. पिष्टाचा आकडा बहुधा छापत नाहीत. प्रथिने २२, स्निग्धांश १०, तंतू ४, राख ८ व ओलावा १० असेल तर बेरीज ५४ होते. उरलेले ४६ टक्के पिष्ट समजावे.

दर किलोवर नव्हे, दिवसाच्या खर्चावर जोखावा. २०० रुपये किलोचे खाद्य दिवसाला ४०० ग्रॅम लागले तर ८० रुपये होतात; २६० रुपयांचे ३०० ग्रॅम पुरले तर ७८. किती द्यावे हे पिशवीवरील तक्त्यात असते. बरगड्या हाताला लागाव्यात, पण त्यावर चरबीचा जाड थर नसावा. मराठवाड्याकडील करवान मात्र मुळातच सडपातळ असतो, त्याला फुगवू नये.

पिल्लासाठी 'वाढीच्या वयासाठी पूर्ण व संतुलित आहार' असे लिहिलेलेच खाद्य घ्यावे. त्यावर गाईसाठी आणलेले कॅल्शियमचे औषध घालण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती बंद करावी. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडे जादा कॅल्शियमने वाकडी वाढतात. नुसत्या बिनहाडाच्या मांसावर वाढविलेल्या पिल्लास मात्र कॅल्शियम कमी पडते. घरचे काही द्यायचे असल्यास कांदा-लसणाचा रस्सा व द्राक्षे-बेदाणे पूर्ण टाळावेत.

पिशवी फोडल्यावर बियाण्याप्रमाणे तोंड घट्ट बांधून फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. पावसाळ्यात महिन्याभरात संपेल एवढेच आणावे. नवे खाद्य सुरू करताना पहिले दोन-तीन दिवस जुन्यात चौथा हिस्सा, मग निम्मे असे करत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण बदलावे.